सार्वजनिक निधीतल्या संशोधनाचा डेटा खुला करणारे राष्ट्रीय धोरण : मसुदा कोणत्या क्रमाने बांधावा

सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा डेटा लोकांना मिळाला पाहिजे, याला आता उघड विरोध फारसा कुणी करत नाही. तरीही मसुदे फसतात आणि बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. समिती पहिल्याच बैठकीत तत्त्वे लिहायला घेते. ‘सर्व डेटा खुला असेल’ हे वाक्य तासाभरात एकमताने मंजूर होते. तो डेटा आज कुणाकडे आहे, कोणत्या फायलीत आहे, प्रकल्प संपल्यावर सर्व्हरचे बिल कोण भरणार, हे प्रश्न ‘अंमलबजावणी यंत्रणा’ नावाच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलले जातात. पुढे धोरण राजपत्रात छापून येते आणि डेटा प्रमुख संशोधकाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर पडून राहतो.

इथे उदाहरण भारताचे घेतले आहे. केंद्राच्या किंवा एखाद्या निधी संस्थेच्या समितीवर बसणारे, विद्यापीठाचा संशोधन कक्ष सांभाळणारे, ग्रंथपाल आणि मसुद्यावर हरकती पाठवणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. मुख्य आग्रह एकच: तत्त्वे शेवटी लिहा. आधी मोजदाद, कायदा, जागा आणि पैसा.

सुरुवातीपूर्वी : टेबलावर काय हवे

आपण कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. २०१२चे राष्ट्रीय डेटा सामायिकरण व प्रवेश धोरण (एनडीएसएपी) सार्वजनिक निधीतून तयार झालेल्या बिगर-संवेदनशील डेटाबद्दल आधीच बोलते. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांचे डिसेंबर २०१४चे खुला प्रवेश धोरण मुख्यतः शोधनिबंधांचे आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०२१च्या ‘बायोटेक-प्राइड’ मार्गदर्शक सूचना जीवशास्त्रीय डेटाच्या आहेत. त्यांच्या जोडीला २०१७चा ‘सरकारी खुला डेटा परवाना – भारत’, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घ्या. यातली कोणती कलमे तशीच राहतील, कोणती बदलतील आणि कुठे एकमेकांशी भांडतील, याचा तक्ता पहिल्या बैठकीआधी तयार असावा.

परदेशी धोरणांपैकी दोन नीट वाचली तरी पुरे. एक, अमेरिकेच्या एनआयएचचे (राष्ट्रीय आरोग्य संस्था) जानेवारी २०२३पासून लागू झालेले डेटा धोरण. दुसरे, ब्रिटनच्या ईपीएसआरसीची (अभियांत्रिकी व भौतिक विज्ञान संशोधन परिषद) २०११ची चौकट. दोन्ही निधी देणाऱ्या संस्थांनी लिहिली आहेत, त्यामुळे त्यांत पैसे आणि मुदती यांची भाषा आहे.

समितीत कुलगुरू आणि संचालक असतीलच. त्यांच्याबरोबर आणखी चौघे हवेत: वित्त विभागाचा अधिकारी, एखादी चालती रिपॉझिटरी (डेटा जपून ठेवणारे ऑनलाइन भांडार) रोज सांभाळणारा माणूस, नैतिकता समितीचा अनुभवी सदस्य आणि दुसऱ्याचा डेटा वापरून काम करणारा कुणीतरी. वित्त अधिकारी पहिल्या दिवसापासून हवाच. शेवटच्या टप्प्यात फाइल त्याच्याकडे गेली, तर ‘अतिरिक्त आर्थिक भार नाही’ असा शेरा घेऊनच ती परत येते आणि धोरण तिथेच संपते.

सावधान : ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे, मग खुल्या प्रवेशाचे काम झाले, असा समज बैठकीत हमखास मांडला जातो. ती योजना आपल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना नियतकालिके वाचता यावीत म्हणून आहे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. निबंधामागच्या डेटाशी तिचा संबंध नाही. दोन्ही विषय एका मसुद्यात आणू नका.

टप्पा १ : कक्षा ठरवा

तीन प्रश्नांची लेखी उत्तरे हवीत. पैसा कुणाचा? डेटा कशाला म्हणायचे? कोणत्या तारखेपासून?

पैशाचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या राज्याच्या कृषी विद्यापीठात अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प चालतो, तेव्हा खर्चाचा ७५ टक्के वाटा आयसीएआरचा (भारतीय कृषी संशोधन परिषद) आणि २५ टक्के राज्याचा असतो. शेत विद्यापीठाचे, मजुरी दोघांची, नोंदी कुणाच्या? शेती आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्यांच्या सूचीतले विषय आहेत. त्यामुळे केंद्राने नुसते धोरण जाहीर केले म्हणून राज्याचे विद्यापीठ बांधील होत नाही. ते बांधील होते अनुदानाच्या अटीने. म्हणून कक्षा अशी लिहा: केंद्रीय अनुदानाचा कितीही लहान हिस्सा प्रकल्पात असेल, तर त्या प्रकल्पाचा सगळा डेटा धोरणाखाली येईल आणि ही अट मंजुरी आदेशात छापलेली असेल. खाजगी भागीदार असेल तर अपवाद काय, हे करारावर सही होण्याआधी ठरले पाहिजे. नंतर कंपनी ऐकत नाही.

डेटाची व्याख्या करताना अमेरिकेच्या संघीय नियमांतले सूत्र कामाला येते: संशोधनाचा निष्कर्ष पडताळायला लागणारी नोंदवलेली तथ्यात्मक सामग्री. त्यातून निबंधांचे कच्चे मसुदे, समीक्षकांचे अभिप्राय, सहकाऱ्यांमधला पत्रव्यवहार वगळलेला असतो. तसे वगळणे योग्यच आहे. पण व्याख्या छापून आलेल्या निबंधालाच बांधू नका. औषधाचा उपयोग झाला नाही, वाण तगले नाही, असे प्रयोग सहसा निबंधापर्यंत पोहोचत नाहीत आणि पुढचा संशोधक तोच प्रयोग पुन्हा त्याच पैशातून करतो. एनआयएचने २०२३च्या धोरणात निबंध निघो वा न निघो, डेटा धोरणाखाली धरला जाईल असे स्पष्ट लिहिले आहे. ते वाक्य आपल्यालाही हवे. डेटा स्वच्छ करणारा आणि विश्लेषणाचा संगणकीय कोडही व्याख्येत घ्या. तो नसेल तर तक्ते पुन्हा उभे करता येत नाहीत.

तारखेबाबत लोभ नको. अमुक दिनांकानंतर मंजूर झालेले प्रकल्प, एवढेच. जुन्या डेटासाठी वेगळी मोहीम आणि वेगळा निधी.

तपासणी : पाच खरे मंजूर प्रकल्प घ्या. समितीतल्या दोघांनी एकमेकांशी न बोलता, प्रत्येक प्रकल्पातले काय धोरणाखाली येते ते लिहावे. उत्तरे जुळली नाहीत तर व्याख्या पुन्हा लिहा.

टप्पा २ : मोजदाद

हा टप्पा सर्वाधिक गाळला जातो आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक घोळ इथूनच निघतो. नुकत्याच संपलेल्या प्रकल्पांतून सर्व विद्याशाखांचा नमुना निवडा आणि प्रत्यक्ष जाऊन पाहा. नुसती प्रश्नावली ईमेलने पाठवू नका. तिच्यावर ‘डेटा सुरक्षित आहे’ एवढेच उत्तर येते. प्रमुख संशोधकाशी बोला, पण नोंदी खरोखर हाताळणारे जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्र), प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्षेत्र अन्वेषक यांच्याशी जास्त बोला. फायली कुठे आहेत हे त्यांना ठाऊक असते, आणि ते नोकरी सोडून गेले की ती माहितीही जाते.

प्रत्येक प्रकल्पासाठी एवढे नोंदवा: काय आहे, किती मोठे आहे, कोणत्या स्वरूपात, कुठे ठेवले आहे, त्यात माणसांची माहिती आहे का, संमतीपत्रात काय लिहिले होते आणि बाहेरून कुणी आजवर मागितले का.

खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा किंवा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या प्रतिकृतींचा डेटा अवाढव्य असतो, पण त्यात कुणाचे नाव-गाव नसते. मेळघाटातल्या कुपोषणाच्या पाहणीची फाइल पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावते आणि तिच्यात शेकडो कुटुंबांची अब्रू असते. एकच नियम दोघांना लावता येणार नाही, हे मोजदादीनंतर समितीला वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रातल्या पाहण्यांमध्ये दोन अडचणी वारंवार आढळतील. मराठीतली उत्तरे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळी अक्षरे निरर्थक दिसतात. दुसरी अडचण नावांची. उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. नुसते जिल्ह्याचे नाव लिहिलेला तक्ता दहा वर्षांनी जोडता येत नाही. गाव, तालुका, जिल्हा यांच्यासाठी केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले कोड आणि नोंदीची तारीख सक्तीची करा.

एक्सेलचा त्रास तर जगभराचा आहे. काही जनुकांची नावे एक्सेल परस्पर तारखांमध्ये बदलत असे. शेवटी २०२०मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. म्हणून जमा करायची प्रत साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल), यूटीएफ-८मध्ये (युनिकोडची प्रचलित पद्धत), सोबत प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारी फाइल, अशी किमान अट ठेवावी.

टप्पा ३ : कायद्याची चाळणी

इथे विधी सल्लागाराला मसुदा देऊन ‘तपासून द्या’ म्हणू नका. मोजदादीतली खरी उदाहरणे द्या आणि प्रत्येकाबद्दल लेखी मत घ्या.

वैयक्तिक डेटा : २०२३च्या कायद्यातले कलम १७(२)(ब) संशोधन, अभिलेखन आणि सांख्यिकी कामाला सूट देते. तिला दोन अटी आहेत. त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत. ‘संशोधनाला सूट आहे’ एवढेच अर्धे वाक्य मसुद्यात उतरवणे धोक्याचे आहे.

कॉपीराइट : तथ्यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. नुसत्या मेहनतीने केलेल्या संकलनालाही तो आपोआप मिळत नाही, निवड आणि मांडणीत थोडी तरी सर्जकता लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये इस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. तरीही मालकीचा संशय ठेवू नका. डेटासंचासोबत परवाना लिहिलेला असलाच पाहिजे. नसेल तर सावध माणूस तो वापरत नाही.

पेटंट : डेटा जाहीर केला की शोध उघड झाला असे धरले जाऊ शकते आणि मग नावीन्य शिल्लक राहत नाही. म्हणून क्रम असा: आधी तात्पुरते विनिर्देश (शोधाचे प्राथमिक वर्णन) पेटंट कार्यालयात दाखल करणे, मग डेटा. पूर्ण विनिर्देशासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. ‘पेटंटचा विचार चालू आहे’ हे डेटा रोखण्याचे कारण म्हणून बेमुदत चालू देऊ नका.

नकाशे आणि जैवविविधता : फेब्रुवारी २०२१च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक सूचनांनी आडव्या १ मीटर आणि उभ्या ३ मीटर अचूकतेची सीमा घातली आहे, त्याहून बारीक डेटा भारतीय संस्थांनीच गोळा करायचा आणि भारतातच ठेवायचा. परदेशी क्लाउडवर रिपॉझिटरी ठेवण्याचा विचार असेल तर हे आधी पाहा. जैविक संसाधनांसाठी जैवविविधता कायदा आहेच.

सावधान : अनेक संमतीपत्रांत ‘अभ्यास संपल्यावर माहिती नष्ट केली जाईल’ असे वाक्य एकमेकांची नक्कल करून वर्षानुवर्षे छापले जात आहे. ते सहभागी माणसाला दिलेले वचन आहे. धोरण आले म्हणून ते मोडता येत नाही. धोरणासोबत संमतीपत्राचा नवा नमुना सर्व नैतिकता समित्यांना पाठवा, मराठीसह सर्व भाषांत, आणि त्यात नाव-पत्ता काढून टाकलेला डेटा पुढे इतर संशोधक वापरू शकतील, याला हो किंवा नाही म्हणण्याची वेगळी जागा ठेवा.

टप्पा ४ : जागा आणि पैसा

एक राष्ट्रीय पोर्टल बांधायचे आणि सगळा डेटा त्यात ओतायचा, ही कल्पना प्रत्येक समितीला मोहात पाडते. टाळा. विषय न समजणाऱ्या पोर्टलवर गेलेला डेटा सापडत नाही आणि सापडला तरी समजत नाही. आपल्याकडे विषयवार जागा आधीच उभ्या आहेत: जीवशास्त्रासाठी फरिदाबादचे भारतीय जैविक डेटा केंद्र, २०२२मध्ये ४ पेटाबाइट क्षमतेसह सुरू झालेले, अंतराळ मोहिमांसाठी बंगळुरूजवळचे इस्रोचे डेटा केंद्र, ध्रुवीय संशोधनासाठी गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातले ध्रुवीय डेटा केंद्र, शेतीसाठी आयसीएआरचे ‘कृषी’ पोर्टल. पुण्याच्या हवामान खात्याकडून पाव अंशाच्या चौकटीतला पावसाचा दैनिक डेटा आज कुणालाही उतरवून घेता येतो. राष्ट्रीय पातळीवर हवी ती सामायिक सूची: डेटा कुठेही असो, त्याची नोंद एका जागी शोधता यावी. ज्या विद्याशाखांना घर नाही, विशेषतः समाजशास्त्रे, भाषा, लोकसाहित्य, त्यांच्यासाठी मात्र नवी रिपॉझिटरी उभारावी लागेल, आणि तिचा खर्च धोरणाच्या पहिल्याच अर्थसंकल्पात मागायला हवा.

रिपॉझिटरी मान्य करण्याच्या अटी थोड्या ठेवा, पण पक्क्या: प्रत्येक संचाला डीओआयसारखा कायमचा ओळख क्रमांक, यंत्राला वाचता येणारा मेटाडेटा (डेटाबद्दलची माहिती), जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय, किती वर्षे ठेवणार याची लेखी हमी आणि बंद पडली तर डेटा कुणाकडे जाईल याचा करार. शेवटची अट कागदोपत्री वाटेल, पण तशी नाही. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. तिचा घराघरातला डेटा जगभरचे संशोधक अमेरिकी पैशावर चालणाऱ्या डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य पाहणी) कार्यक्रमातून घेत आले. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएड या आपल्या परदेशी मदत संस्थेचा निधी थांबवला आणि काही काळ नव्या संशोधकांची नोंदणीच बंद झाली. भारतीय घरांत भारतीय अन्वेषकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या देशाच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहू नयेत, हे धोरणात लिहिलेच पाहिजे.

आता पैसा. प्रकल्प प्रस्तावात मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च, उपकरणे, ओव्हरहेड अशी शीर्षे असतात. डेटासाठी शीर्ष नसेल तर डेटाचे काम कुणीही करणार नाही. एनआयएच डेटा स्वच्छ करण्याचा आणि रिपॉझिटरीच्या शुल्काचा खर्च प्रकल्पातूनच मंजूर करते, मात्र तो प्रकल्पाच्या मुदतीत झाला पाहिजे. म्हणून साठवणीचे शुल्क आगाऊ भरण्याची परवानगी मंजुरी आदेशात शब्दशः असावी, नाहीतर लेखापरीक्षक ते नाकारतो. अंदाजासाठी, युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञगटाने २०१६मध्ये एकूण संशोधन खर्चाच्या सुमारे ५ टक्के रक्कम डेटाच्या निगेवर जावी असे सुचवले होते. भारतात कमी-जास्त होईल, पण आकडा शून्य धरून लिहिलेले धोरण मंजूर करू नका.

टप्पा ५ : प्रवेशाचे स्तर आणि मुदती

२०१२च्या धोरणातले तीन स्तर चांगले आहेत: सर्वांना खुला, नोंदणी करून मिळणारा आणि परवानगीने मिळणारा. नवीन नावे शोधण्यात वेळ घालवू नका. वेळ घाला कोणता डेटा कोणत्या स्तरात, हे उदाहरणांसह ठरवण्यात.

नाव काढले म्हणजे ओळख गेली, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. लटान्या स्वीनी यांनी २०००मध्ये दाखवले की पिन कोडसारखा झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसे एकटी ओळखू येऊ शकतात. आपल्याकडे जात आणि गाव जोडले की काम आणखी सोपे होते. गडचिरोलीतल्या एका तालुक्यातली, विशिष्ट जमातीची, पदवीधर, सिकलसेल असलेली बाई, एवढ्या पाच स्तंभांत ती सापडते. उपाय ठाऊक आहेत: वय गटात, गावाऐवजी तालुका, कमी माणसे असलेले रकाने झाकणे. डीएचएसच्या पाहण्यांत ठिकाणाचा बिंदू मुद्दाम हलवला जातो, शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५, आणि ग्रामीण बिंदूंपैकी १ टक्का १० किलोमीटरपर्यंत. असे आकडे धोरणाच्या परिशिष्टात द्या. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही.

संवेदनशील माहिती माणसांचीच असते असेही नाही. सह्याद्रीतल्या दुर्मिळ आमरीचा अचूक अक्षांश-रेखांश खुला केला की ती उपटून नेणाराही तिथे पोहोचतो. आदिवासी समाजाच्या वनौषधी-ज्ञानाबद्दल एका व्यक्तीची सही पुरत नाही. ग्रामसभेची संमती आणि पुढच्या वापरात तिचा शब्द, दोन्ही हवेत.

भारतीयांचे जनुकसंच वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचा १०,००० व्यक्तींचा डेटा जानेवारी २०२५मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून उपलब्ध झाला, तो अर्ज आणि अटींसह. परवानगीचा स्तर असा चालवता येतो. पण अर्जावर किती दिवसांत निर्णय, नकार दिला तर अपील कुणाकडे, हे लिहिले नसेल तर परवानगीचा स्तर म्हणजे कुलूपच ठरतो.

मुदत विद्याशाखेप्रमाणे वेगळी असावी. जीएमआरटीवर निरीक्षण घेणाऱ्या संशोधकाला १८ महिने त्याचा डेटा स्वतःपुरता मिळतो, मग तो सर्वांचा होतो. एनआयएच म्हणते, निबंध छापून येईल तेव्हा किंवा प्रकल्प संपेल तेव्हा, यांपैकी जे आधी होईल तोवर. दोन्ही पद्धती चालतात, कारण दोन्हींत शेवटची तारीख आहे. वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून मुलाखती घेणाऱ्या संशोधिकेला पहिला लाभ मिळावा, ही रास्त मागणी आहे. तिला दोन वर्षे द्या. मुदतवाढ लेखी, कारणासह, एकदाच.

तपासणी : डेटा बंद असला तरी त्याची नोंद खुली आहे का? शीर्षक, कुणी गोळा केला, कुठे आहे, कोणत्या तारखेला खुलणार. बंद डेटाचे अस्तित्वच लपले तर पुढचा माणूस मागणार कशाला?

परवान्याबाबत: सरकारी खुला डेटा परवाना किंवा सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कुणालाही कसाही वापर करू देणारा परवाना) घ्या. ‘व्यावसायिक वापरास मनाई’ घालण्याचा हट्ट होतो. त्या मनाईने शेतकरी उत्पादक कंपनी, लहान स्टार्टअप आणि वृत्तपत्रही बाहेर पडते. डेटा विकून महसूल मिळवण्याचे कलम तर नकोच. फेब्रुवारी २०२२च्या केंद्रीय डेटा धोरणाच्या मसुद्यावर याच मुद्द्यावरून टीका झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेगळा मसुदा आणावा लागला.

टप्पा ६ : आता मसुदा लिहा

मागचे पाच टप्पे झाले असतील तर मसुदा थोड्या दिवसांत होतो. नियम साधा: प्रत्येक कलमात कोण, काय, कधीपर्यंत.

असे लिहू नका: ‘संशोधन डेटा शक्य तितक्या लवकर योग्य रिपॉझिटरीत जमा करण्यास प्रोत्साहन दिले जाईल.’

असे लिहा: ‘प्रमुख संशोधक प्रकल्प समाप्तीच्या दिनांकापर्यंत डेटा परिशिष्ट २ मधील रिपॉझिटरीत जमा करील व त्याचा डीओआय अंतिम अहवालात नोंदवील. संशोधक संस्था सोडून गेल्यास ही जबाबदारी संस्थेच्या डेटा अधिकाऱ्याची राहील.’

डेटा व्यवस्थापन योजना प्रस्तावासोबतच मागा, दोन पानांपेक्षा मोठी नको. अमेरिकेच्या एनएसएफने (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान) २०११पासून अशी दोन पानी योजना सक्तीची केली. ती परीक्षकांनी वाचून गुण द्यावेत. मोठा नमुना दिला की सगळे जण एकमेकांचा चिकटवतात.

टप्पा ७ : हरकती व सूचना

किमान ३० दिवस द्या आणि ते परीक्षांच्या किंवा प्रस्ताव भरण्याच्या हंगामात नकोत. ‘आपले अभिप्राय कळवा’ असे मोघम विचारण्याऐवजी ठराविक प्रश्न विचारा: तुमच्या विषयात १२ महिने पुरतील का, तुमच्याकडे रिपॉझिटरी आहे का, संमतीपत्र बदलायला किती वेळ लागेल. मसुदा राज्यांच्या भाषांतही हवा. जिल्ह्याच्या महाविद्यालयात प्रकल्प करणारे शिक्षक आणि ज्यांच्याबद्दल तो डेटा आहे ते लोक, दोघांनाही तो वाचता आला पाहिजे. आलेल्या प्रत्येक मुद्द्याचे काय केले, याचा तक्ता अंतिम मसुद्याबरोबर छापा.

टप्पा ८ : थोड्यावर आधी चालवून पाहा

युरोपीय संघाने २०१४मध्ये निवडक क्षेत्रांत सुरुवात केली आणि २०१७पासून ती सर्वांना लागू केली. ईपीएसआरसीने २०११मध्ये अपेक्षा सांगितल्या आणि संस्थांना २०१५पर्यंत तयारीला वेळ दिला. आपणही दोन विद्याशाखा निवडाव्यात, एक तयार आणि एक अवघड. फक्त खगोलशास्त्रावर चालवून पाहिले तर सगळे सुरळीत दिसेल, कारण तिथे ही सवय जुनी आहे. दुसरी शाखा सार्वजनिक आरोग्य किंवा समाजशास्त्र असू द्या.

टप्पा ९ : मंजुरी आदेश आणि यूसी

धोरण पाळले जाते ते दोन कागदांवर: मंजुरी आदेश आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात. यूसी दिल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही, म्हणून ते वेळेत जाते. डीओआयचा रकाना अंतिम यूसी सोबतच्या अहवालात घाला. रकाना रिकामा असेल तर शेवटचा हप्ता थांबेल, परवानगीची मुदतवाढ असेल तर तिचा क्रमांक लिहावा लागेल. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने दुवा उघडून पाहिला, अशी त्याची सहीही तिथेच घ्या.

सावधान : हप्ता थांबल्याचा फटका जेआरएफच्या विद्यावेतनाला बसता कामा नये. ते शीर्ष या अटीतून वगळा.

शिक्षा एकटी चालत नाही. डेटासंच इतरांनी वापरला आणि उद्धृत केला, तर ते पदोन्नतीच्या मूल्यमापनात निबंधासारखे मोजले जावे, आणि डेटा गोळा करणाऱ्या क्षेत्र अन्वेषकाचे नावही त्या संचावर असावे. यासाठी यूजीसीचे नियम बदलावे लागतील. ती शिफारस धोरणासोबतच पाठवा.

टप्पा १० : फेरआढावा

दर दोन वर्षांनी, तारीख धोरणातच लिहून. नकार-सूचीही, म्हणजे खुला न करायच्या डेटाची यादी, त्याच वेळी तपासा. तिच्यात एकदा गेलेली नोंद आपोआप बाहेर येत नाही.

मोजायचे काय, हे मात्र नीट ठरवा. २०१२च्या धोरणाने प्रत्येक विभागाला ३ महिन्यांत किमान ५ उच्चमूल्य डेटासंच देण्याचे लक्ष्य घातले होते. संख्येचे लक्ष्य दिले की छोटे, सोपे तक्ते आधी येतात. त्याऐवजी सूचीतून यादृच्छिक पद्धतीने दहा संच उचला. त्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला एकेक संच द्या आणि संशोधकाला फोन न करता निबंधातला एक तक्ता पुन्हा तयार करायला सांगा. दहापैकी किती जमले तो आकडा, आणि न जमलेल्या प्रत्येकाचे कारण, आढाव्याच्या अहवालात पहिल्या पानावर छापा.